हललेलं माप

माझे वडील कवळ्या बनवतात. आमच्या रस्त्यावर सगळे त्यांना दातवाले म्हणतात, आणि कुणी पत्ता विचारत आलं की सांगणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे जातो. खरं म्हणजे पप्पांनी आजवर कुणाच्या तोंडात बोट घातलेलं नाही. दवाखान्यातून मापं येतात, त्यावरून पप्पा दात करतात आणि ते डबीत बसून परत दवाखान्यात जातात. ज्याच्या तोंडात ते बसतात, त्या माणसाला पप्पा कोण हेही ठाऊक नसतं. कधी रस्त्यात एखादा म्हातारा मोकळेपणी हसला की पप्पा थबकतात, मान तिरकी करून बघतात आणि मला कोपर मारून म्हणतात, "खालचे आपले." मग दिवसभर खुशीत असतात.

मी एकतीस वर्षांची आहे. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काम करते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ही गोष्ट सांगतानाही तो जागेवरच आहे. फक्त तो नक्की कुणावर आहे, ते मला आता सांगता येत नाही.

आधी काम समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दवाखान्यात एका वाकड्या पळीत पेस्ट भरून ती पेशंटच्या जबड्यावर दाबतात. तीन मिनिटं ती पळी तशीच धरून ठेवायची, जराही न हलवता. पेस्ट घट्ट झाली की तिच्यात हिरड्यांचा ठसा उमटतो. हे झालं माप. ते आमच्याकडे येतं. आम्ही त्यात प्लास्टर ओततो, सुकू देतो आणि माप सोलून काढतो. हातात उरतो तो साचा, त्या माणसाच्या हिरड्यांची हुबेहूब पांढरी नक्कल. पुढचं सगळं त्या साच्यावर होतं. सोलताना माप फाटतं, त्यामुळे साचा एकच मिळतो. तो फुटला तर पेशंटला पुन्हा बोलवायचं, पुन्हा ती पळी, पुन्हा त्याच्या ओकाऱ्या.

म्हणून आमच्या खोलीत एक नियम आहे. तुटलेला साचा जोडायचा नाही. मी कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक साचा पडला. मी गुपचूप गोंदाने जोडला, कानस मारली आणि फळीवर ठेवून दिला. पप्पांनी तो उचलला, अंगठा फिरवला आणि काही न बोलता बादलीत आपटला. नंतर म्हणाले, "केसाएवढी पायरी आहे. तोंडात गेली की तिचा खडा होतो." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्यासाठी एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही.

आता मावशींबद्दल. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, आमच्या मंडळीतल्या. आमचं चर्च लहान आहे, साठ-सत्तर माणसं. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं त्यासाठी आम्ही प्रार्थना करतो. मावशी पूर्वी डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या, आम्हाला सगळ्यात जास्त काम पाठवणाऱ्या डॉक्टरांच्याच. पेशंटच्या तोंडातली पळी धरून उभं राहायचं काम त्यांचं. डॉक्टर दुसऱ्या खुर्चीकडे वळायचे आणि मावशी पळी धरून पुतळा व्हायच्या. आणि रविवारी प्रभुभोजनाच्या छोट्या पेल्यांमध्ये द्राक्षरस ओतायचं कामही त्यांचंच. चाळीस पेले, थेंब इकडचा तिकडे नाही.

अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या बाईंचे खालचे दात गेले. या बाई म्हणजे आमच्या चर्चचा आवाज होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी दर रविवारी पुढे उभं राहून शास्त्रपाठ त्याच वाचायच्या. त्या वाचायला लागल्या की लहान मुलंसुद्धा पाय हलवायची थांबत. त्यांचं माप मावशींनी धरलं, कवळी पप्पांनी केली. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात, त्या चाचणीत काही कळलं नाही. मेण मऊ असतं, ते सांभाळून घेतं. खरी कवळी घालून बाई पहिल्या रविवारी वाचायला उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्याच ओळीला शिट्टी वाजली. मग टकटक. मग डावी बाजू उचलली गेली आणि दात जिभेवर आले. मुलं हसली. मोठ्यांनी ओठ चावले. बाईंनी पुस्तक मिटलं, जागेवर येऊन बसल्या, आणि त्यानंतर आयुष्यात त्यांनी परत कधी शास्त्रपाठ वाचला नाही.

डॉक्टरांनी चौकशी केली आणि निष्कर्ष निघाला की माप हललं होतं. दुसऱ्यांदा माप डॉक्टरांनी स्वतः धरलं, पप्पांनी फुकट नवी कवळी करून दिली, आणि ती चपखल बसली. म्हणजे सिद्धच झालं. मावशींचा हात हलला होता.

मावशींकडून पळी काढून घेतली गेली. त्यांना हत्यारं धुवायला बसवलं. तिथे त्यांच्या हातून दात बघायचे छोटे आरसे पडायला लागले, कारण आता सगळे त्यांच्या हातांकडेच बघत होते. काही महिन्यांत त्यांनीच काम सोडलं. चर्चमध्ये एका रविवारी पेल्यांचा ट्रे डगमगला, पांढऱ्या कापडावर लाल डाग पडला, आणि ते कामही सुटलं. वर्षागणिक हात जास्तच थरथरायला लागला. भूकंपमावशी हे नाव मात्र त्यांना पहिल्याच वर्षात पडलं.

ते नाव मी ठेवलं. वीस वर्षांची होते, जिभेला हाड नव्हतं. चर्चच्या पायऱ्यांवर मैत्रिणींना म्हटलं, "बाकं घट्ट धरा, भूकंपमावशी येतायत." असा हशा पिकला की काय सांगू. आठवड्याभरात ते नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी गेलं. मी विसरूनही गेले होते की ते माझं आहे.

गेल्या रविवारी उपासनेत पाळकांनी विचारलं, कुणाची प्रार्थनेची विनंती आहे का. मावशी उठल्या. उजवा हात डाव्या हाताने धरलेला, नेहमीसारखा. म्हणाल्या, "येत्या गुरुवारी मोठ्या इस्पितळात जायचंय, मेंदूच्या डॉक्टरांकडे. मुलगा म्हणतो, एकदाचं दाखवून घे. आता चमचाही धरवत नाही. प्रार्थना करा."

गायकांच्या रांगेतून पप्पा उठले. त्यांचा आवाज खर्जातला आहे, आणि प्रार्थना करताना तो आणखी खाली जातो. "हे प्रभू," ते म्हणाले, "आमच्या या बहिणीचा हात स्थिर कर. हे दुखणं तिला कुठून आलं, ते तुला एकट्याला ठाऊक आहे."

मी आमेन म्हटलं. माझा आमेन सगळ्यात मोठा असतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्या खोलीतली वरची फळी वाकलेली दिसली. पाच वर्षांवरचे साचे टाकून द्यायचे असा आमचा रिवाज आहे, पण टाकायला कुणाला वेळ असतो. मी स्टुलावर चढले आणि एकेक साचा खाली काढायला लागले. पप्पा खिडकीपाशी चाकावर एक कवळी घासत होते. अगदी मागे, रिकाम्या डब्याच्या आड, एकच साचा होता. खालच्या जबड्याचा. बुडाला पप्पांच्या अक्षरात तारीख आणि "शाळेच्या बाई."

सवयीने मी अंगठा फिरवला. डाव्या बाजूला अंगठा अडखळला. केसाएवढी पायरी. साचा उलटा केला तर गोंदाची पिवळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

"पप्पा," मी म्हटलं, "हा जोडलेला आहे." मी हसतच म्हटलं होतं. मला वाटलं, सापडले एकदाचे, आता महिनाभर चिडवायला विषय झाला.

पप्पांनी चाक बंद केलं. भुवयांवर नेहमीसारखी पांढरी धूळ होती, पण खालचा चेहराही त्याच रंगाचा झाला होता.

"बाईंच्या पहिल्या कवळीचा?" मी विचारलं.

"हो."

मी स्टुलावरून उतरले. पप्पांनी स्वतःच सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी गायनाचा सराव होता, त्यांना उशीर झाला होता, नळाखाली साचा धुताना हातातून निसटला आणि दोन तुकडे झाले. नवं माप मागवायचं म्हणजे बाईंना परत त्या खुर्चीत बसवायचं. आणि डॉक्टर म्हणाले असते, दातवाल्याच्या हातून पडला. "मला लाज वाटली," पप्पा म्हणाले. "एकदाच केलं गं. एकदाच."

"मग तक्रार आल्यावर?"

"डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली. विचारलं होतं, मापात काही दोष होता का."

"तुम्ही काय लिहिलंत?"

पप्पांनी चाकावरची धूळ अंगठ्याने पुसली. "माप हललेलं वाटतं."

तीन शब्द. मी मोजले. मी म्हटलं, "वाटतं? तुम्हाला वाटत नव्हतं, माहीत होतं."

"तिचं नाव मी कुठे घेतलं होतं? मी फक्त माप म्हटलं."

"आणि माप कुणाच्या हातात होतं, पप्पा?"

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. पप्पांनी मध्येच हात वर केला आणि म्हणाले, "मी देवाला सांगितलंय. त्याच आठवड्यात, गुडघे टेकून. रडलो होतो. त्याने क्षमा केली, ते मला आत कळलं. त्यानंतर एकही साचा जोडला नाही. बाईंना नवी कवळी दिली. आणखी काय करायचं असतं माणसाने?"

"काल तुम्ही उभं राहून मावशींच्या हातासाठी प्रार्थना केलीत."

"मनापासून केली," पप्पा म्हणाले.

आणि हेच मला समजत नाही. ते खरं बोलत होते. मी त्यांना ओळखते, प्रार्थनेत त्यांचा आवाज खोटा झाला असता तर मला ऐकू आलं असतं. मी विचारलं, हे तुम्हाला जमलं कसं? तर त्यांनी जे सांगितलं त्याने माझं डोकंच चालेना. म्हणाले, "आधी मी खोटं लिहिलं. मग तिचा हात खरंच हलायला लागला. मला वाटलं, अरे, म्हणजे कदाचित तेव्हाही हलला असेल. साचा तर माझ्याकडून तुटला, पण माप आधीच हललेलं असलं तर? कुणी सांगावं? असं वाटून वाटून, अगं, मला खरंच आता नीट आठवत नाही की मी काय केलं आणि तिने काय केलं."

दुपारी ताटं वाढली आणि तशीच उचलली. मी दात-ओठ खात भांडी घासत होते, आणि घासता घासता एकदम पायऱ्या आठवल्या. बाकं घट्ट धरा. माझा हात पाण्यातच थांबला. पप्पांनी चिठ्ठीत तिचं नाव घेतलं नव्हतं. नाव मी दिलं होतं. त्यांनी तीन शब्द लिहिले, मी एक शब्द बोलले, आणि एका माणसाचा हात गेला. यातला कुठला भाग कुणाचा, ते मला त्या भांड्यांवर उभी असताना ठरवता आलं नाही, आणि अजूनही येत नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही पाळकांकडे गेलो. ते आमच्याकडे येऊन चारच वर्षं झालीत, त्यांनी मावशींचा स्थिर हात बघितलेलाच नाही. अंगणात एका मोडक्या बाकाला ते खिळे ठोकत होते. पप्पांनी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. पाळक आधी म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." मी म्हटलं, "नको. ती अकरा वर्षं झालीये." त्यांनी हातोडी खाली ठेवली.

पप्पा म्हणाले, "मी देवाला सांगितलं होतं."

"चांगलं केलंत," पाळक म्हणाले. "पण देवाला ते आधीपासून ठाऊक होतं हो. ज्यांना ठाऊक नाही, त्या मागच्या गल्लीत राहतात."

"आता सांगून तिला काय मिळणार? माझं ओझं उतरेल आणि तिच्या डोक्यावर चढेल. पुन्हा तिलाच त्रास."

"होईल कदाचित." पाळकांनी कपाळ पुसलं. "मला खरंच माहीत नाही. आपण पाप गुपचूप करतो म्हणून ते आपल्यापुरतं राहील असं धरून चालतो. ते राहत नाही. तुमचं कुठवर गेलंय ते मला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही. पण गुरुवारच्या आधी सांगा. नाहीतर ते डॉक्टर चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करतील."

परतताना पप्पा मला म्हणाले, "बाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. त्यांच्याकडे कुठून जायचं?"

बुधवारी दुपारी आम्ही मावशींच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. मुलगा कामावर गेला होता. उद्याच्या इस्पितळाची पिशवी दाराशीच भरून ठेवली होती, वर जुन्या चिठ्ठ्यांची फाइल. मावशींनी चहा केला. मी मदतीला उठले तर म्हणाल्या, "बस गं, माझी रीत ठरलीये." त्यांची रीत म्हणजे कप अर्धाच भरायचा आणि दोन्ही हातांनी एकेक आणायचा. तीन कपांना तीन फेऱ्या. बशी वाजत होती, आणि आम्ही तिघंही ती वाजत नसल्यासारखं करत होतो.

"भाऊ," त्या बसत म्हणाल्या, "तुमची प्रार्थना मला फार लागते. रविवारी तुम्ही उठलात आणि मला इतका धीर आला. दुसरं कुणी एवढ्या वर्षांत इतक्या वेळा माझ्यासाठी उठलं नाही."

पप्पांनी पिशवीतून साचा काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं ते आधी काहीतरी बोलतील.

मावशींनी तो उचलला. दवाखान्यातली जुनी सवय, त्यांनी आधी बूड बघितलं, तारीख वाचली, नाव वाचलं. मग अंगठा फिरवला. डाव्या बाजूला अंगठा थांबला. मागे आला. परत गेला, परत थांबला.

"हे काय आहे?"

"माझ्या हातून फुटला होता, ताई," पप्पा म्हणाले. "मी जोडला. त्यावरच कवळी केली. तुमचं माप बरोबर होतं."

"कुठलं माप?"

"बाईंचं. पहिलं. तुमचा हात हलला नव्हता. मी डॉक्टरांना खोटं लिहून दिलं."

त्यांना ते पहिल्या फेरीत कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. पप्पांनी पुन्हा सांगितलं, नळ, सराव, गोंद, चिठ्ठी, तीन शब्द. मावशी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या, आणि प्रश्नही कसे, कामाचे. डावीकडेच तुटला का? आधी धुतला होता की नंतर? चिठ्ठी कुणी नेली? मी आपली त्यांच्या चेहऱ्याकडे बघतेय, आता रडतील, आता ओरडतील, आता म्हणतील चालते व्हा. तर तसं काहीच नाही. जणू कुणा तिसऱ्याच बाईची हकीकत ऐकतायत.

मग त्या म्हणाल्या, "मी एकशेऐंशी मोजले होते. नेहमी मनात मोजायचे. मी हलले नव्हते. डॉक्टरांना तसं सांगितलं सुद्धा. ते म्हणाले, कधी कधी आपलं आपल्याला कळत नाही. मी म्हटलं, नसेल कळलं." साचा हातात फिरवत म्हणाल्या, "मी बाईंकडे तीनदा गेले होते, भाऊ. क्षमा मागायला. एकदाही त्यांनी आत बोलावलं नाही. दारातच म्हणाल्या, तुझ्यामुळे माझं वाचन गेलं. त्यांच्या दफनाला मी शेवटच्या बाकावर बसून देवाला म्हणत होते, आता तरी त्यांना सांग, माझं चुकलं म्हणून." त्यांनी पप्पांकडे बघितलं. "मग ती मी कशाची क्षमा मागत होते?"

मला राहवलं नाही. माझं बोलणं आधीच निघालं. "मावशी, ते नाव मी ठेवलं होतं. भूकंप."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज मोठा आहे." रागाने नाही, आजचा वार सांगावा तसं सांगितलं. मी घरून क्षमेची दोन-तीन वाक्यं ठरवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

त्यांनी साचा खाली ठेवला आणि उजवा हात टेबलावर पसरला, तळवा खाली, सगळी बोटं मोकळी. डाव्या हाताने धरला नाही. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा असा सुटा बघितला. तो थरथरत होता. चहावर वर्तुळं उठत होती.

"हलला नव्हता म्हणता ना?" त्या म्हणाल्या. "मग हा का हलतोय?"

पप्पांनी हात जोडले, डोळे मिटले. त्यांना दुसरं काही येत नाही. "हे प्रभू, आमच्या या बहिणीचा..."

"नको," मावशी म्हणाल्या. "आत्ता देवाशी नका बोलू, भाऊ. आत्ता माझ्याशी बोला."

पप्पांनी डोळे उघडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही असं बघितलं नव्हतं. त्यांच्या ओठांना धरायला काहीच नव्हतं. देव नाही, गाणं नाही, काम नाही. समोर एक बाई आणि तिचा हात. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे हलतोय. पण कसा, ते मला माहीत नाही. मला कळत नाही ताई. मला माफ करा असं म्हणायचंय, पण कशाकशासाठी म्हणू, तेच कळत नाही."

मावशींनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. "उद्या ते डॉक्टर पहिलं हेच विचारतील, कधीपासून हलतो. मी सगळीकडे एकच सांगत आले, बाईंच्या मापाच्या दिवसापासून. फाइलमध्येही तेच लिहिलंय. आता काय सांगू?"

"मी येतो," पप्पा म्हणाले. "मी सांगतो. त्यांच्यासमोर सगळं सांगतो. रविवारी मंडळीतही सांगतो, उभा राहून."

"या," मावशी म्हणाल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. नुसतं "या. नऊ वाजता निघायचंय." पप्पांनी मान हलवली आणि साचा उचलायला हात पुढे केला. मावशींनी तो आपल्याकडे ओढून घेतला.

"आणि बाईंना?" त्या म्हणाल्या. "बाईंना कोण सांगणार?"

त्या उगाच विचारत नव्हत्या. त्यांना उत्तर हवं होतं, आणि त्या आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होत्या. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली, अर्ध्या कपातल्या गार चहाकडे.